शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात उपशामक सेवा

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणांसमोर आकडे ठेवतो. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, निर्धन रुग्ण निधीतून किती खर्च झाला, कोणते यंत्र नव्याने आले. ते सर्व आकडे या अहवालाच्या पुढील पानांत आहेत व लेखापरीक्षकांनी तपासलेले आहेत, म्हणून त्यांची पुनरुक्ती करीत नाही. आज अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने अशा एका कामाविषयी बोलावयाचे आहे, की ज्याला आमच्या जमाखर्चात अद्याप स्वतंत्र सदर नाही. शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण ज्याला सर्जिकल आयसीयू म्हणतो तेथे, उपशामक सेवा नियमितपणे सुरू करण्याचे हे काम आहे. डॉक्टर मंडळी तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधांची नावे आम्हांस बिलांवरून ठाऊक. तेव्हा वैद्यकीय बाबींविषयी जे बोलू ते आमच्या डॉक्टरांकडून आणि सिस्टरांकडून समजून घेतलेले आहे. पैशाविषयी व माणसांविषयी जे बोलू, ते मात्र पुष्कळसे आमच्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर बसून गेलेल्या मंडळींनी शिकविलेले आहे.

उपशामक सेवा म्हटले की कर्करोगाची अखेरची अवस्था डोळ्यांसमोर येते. त्यास इतिहासही तसाच आहे. इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. या बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, घरच्या विवंचनेची आणि श्रद्धेचीही असते, हा विचार त्यांनी वैद्यकशास्त्रात रुजविला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना ही संस्था उभी राहिली, आणि पुढे गोव्यातही तिची शाखा झाली. १९९३ साली कोळिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले, ते केरळमध्ये घरोघर पोहोचले. या सर्व कामांची सुरुवात प्रामुख्याने कर्करुग्णांपासून झाली. त्यामुळे सर्जिकल आयसीयूच्या दारावर उपशामक सेवेची पाटी लागणार असे कानावर येताच आमच्याच एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी विचारले, "म्हणजे आम्ही हात टेकले, असे नातेवाईकांना सांगायचे काय?"

प्रश्न रास्त होता. सर्जिकल आयसीयूतील रुग्ण मरावयास आलेला नसतो. तो बरा होण्यासाठी आलेला असतो, त्याने संमतीपत्रावर सही केलेली असते, आणि ज्याने त्याच्या पोटावर सुरी चालविली त्या डॉक्टरशी त्याचे एक नाते जडलेले असते. शल्यचिकित्सकास वाटते, याने शस्त्रक्रियेला होकार दिला, म्हणजे पुढे जे जे करावे लागेल त्या सर्वाला दिला. रुग्णाने तसे म्हटलेले असतेच असे नाही. त्याच्या मनात असते, "डॉक्टर, गाठ काढा, आठ दिवसांत घरी सोडा." कृत्रिम श्वास, डायलिसिस, गळ्याला भोक, पुन्हा पुन्हा उघडलेले पोट, हे त्या सहीत होते किंवा नाही, हे पुढे कोणीच विचारीत नाही, कारण ज्याला विचारावयाचे, तो बोलू शकत नाही.

तरीसुद्धा वेदनाशमन हे शल्यचिकित्सेला परके नाही. अन्ननलिका बंद झालेल्या रुग्णाच्या पोटात नळी घालून त्यास अन्न देणे, आतडे अडलेल्याची वाट बाहेर काढून देणे, ही कामे शल्यचिकित्सक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत, आणि त्यांनी मूळ रोग बरा होत नाही हेही त्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने २००५ साली उपशामक सेवेची तत्त्वे अधिकृतपणे प्रसिद्ध केली. ही सेवा शेवटच्या दिवसांपुरती नसून रोग हटविण्याच्या उपचारांबरोबरच चालावी, असे त्यांतही आहे. नेवार्क येथील एका अपघात अतिदक्षता विभागात दाखल झाल्यापासूनच अशी सेवा देऊन पाहण्यात आली, आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही. जे बोलणे अखेरीस घाईघाईने होत असे ते आधी झाले, एवढाच फरक. आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांस हा निबंध वाचावयास दिला. त्यांनी वाचला, आणि "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडून "बघू" येणे ही आमच्या रुग्णालयात मंजुरीच समजली जाते!

आता प्रत्यक्ष खाटेजवळ काय घडते ते सांगतो.

अतिदक्षता विभागात रुग्णास सर्वांत अधिक कशाचे दुखते, असे आम्हांस कोणी विचारले असते तर आम्ही सुई, नळी, जखम असे काही सांगितले असते. अमेरिकेत सहा हजारांवर रुग्णांची पाहणी झाली होती, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. प्रौढ रुग्णांना सर्वाधिक वेदना झाल्या त्या कुशीवर वळविताना. दर दोन तासांनी, पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून, अत्यंत प्रेमाने व कर्तव्यबुद्धीने जे केले जाते, त्यात. यावर उपाय खर्चिक नाही. वळविण्यापूर्वी वेदनाशामकाची मात्रा देणे, मामा आणि सिस्टर अशा दोघांनी मिळून वळविणे, आणि रुग्ण बेशुद्ध दिसत असला तरी त्याच्या कानाशी, "आजोबा, आता डाव्या कुशीवर घेते हं," असे सांगणे. जो बोलू शकत नाही त्याची वेदना मोजावयाच्या पट्ट्याही तयार आहेत: कपाळावरच्या आठ्या, हातांची मूठ, यंत्राच्या श्वासाशी चाललेली झटापट, यांवरून परिचारिका गुण देतात. ताप आणि रक्तदाब यांच्या शेजारी वेदनेचा आकडा लिहिला गेला, की सकाळच्या फेरीत डॉक्टरांना त्याकडे पाहावेच लागते. आम्ही हिशेबाची माणसे. लिहिलेल्या आकड्याचा वचक काय असतो ते जाणतो.

दुसरी गोष्ट तहानेची. नळी घातलेल्या रुग्णाच्या तोंडाला कोरड पडते, आणि पाणी मागण्याची सोय नसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांपैकी, जे स्वतः सांगू शकत होते त्यांत, सुमारे सत्तर टक्क्यांनी तहानेचा उल्लेख केला होता. त्याच संशोधक परिचारिकेने पुढे २०१४ साली दाखवून दिले की थंड पाण्याचा फवारा, थंड पाण्यात भिजविलेला बोळा आणि ओठांना मलम, एवढ्याने तहानेचा त्रास लक्षणीय कमी होतो. आमच्या विभागातील सिस्टरांनी हे ऐकले आणि त्यांच्यापैकी एक म्हणाल्या, "साहेब, नातेवाईक गंगाजळ आणतात, ते आपण बाहेरच्या खिडकीत ठेवून देतो. तेच बोळ्याने ओठांना लावू दिले तर?" संसर्ग नियंत्रण समितीपुढे प्रश्न गेला. घशात थेंबही उतरता कामा नये, बाटलीतील पाणी उकळून गार केलेले असावे व त्यात गंगाजळ नावापुरते मिसळावे, बोळा सिस्टरांनी द्यावा आणि नातेवाईकाने ओठ ओले करावेत, असे ठरले. जमजमच्या पाण्यालाही हाच नियम आहे. ज्या घरी त्रिशरण म्हणतात तेथे ते म्हणावे, ज्यांना पाद्रीबाबांना बोलवावयाचे त्यांनी बोलवावे. भेटीच्या वेळेचा नियम अशा प्रसंगी शिथिल करण्याचा अधिकार आता रात्रपाळीच्या प्रमुख सिस्टरांनाच दिला आहे. त्यासाठी आमच्या घरी फोन करण्याचे कारण नाही.

एका कुटुंबाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका पोटदुखीने आल्या. आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाला होता. रात्रीच शस्त्रक्रिया करून बराच भाग काढावा लागला. त्यानंतर श्वासयंत्र, मग मूत्रपिंडांनी काम थांबविले, मग डायलिसिस. थोरला मुलगा गावी शेती पाहतो, धाकटा न्यू जर्सीत संगणक क्षेत्रात. थोरला म्हणे, "आईचे हाल आता बघवत नाहीत." धाकटा फोनवरून म्हणे, "पैशाची काळजी करू नका, सगळे काही करा." परगावाहून ऐनवेळी येऊन सर्व उपचारांचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकास पाश्चात्त्य डॉक्टरांनी १९९१ साली 'कॅलिफोर्नियातील मुलगी' असे नाव दिले होते. नाव गमतीचे असले तरी आम्हांस ते थोडे अन्यायाचे वाटते. दहा हजार किलोमीटरांवरून आईसाठी आणखी दुसरे काय मागता येणार?

या दोघा भावांची बैठक घेतली. शल्यचिकित्सक, अतिदक्षता तज्ज्ञ, सिस्टर आणि टेबलावर फोन. डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटे प्रकृतीविषयी एक शब्दही काढला नाही. त्यांनी विचारले, "बाई कशा होत्या? शाळेत कोणता विषय शिकवीत?" मग दोघे भाऊ बोलू लागले, प्रथम आळीपाळीने आणि मग एकमेकांशी. वडिलांच्या शेवटच्या आजारात आई काय म्हणाली होती, ते थोरल्याला आठवले. धाकटा म्हणाला, "हो, मलाही म्हणाली होती." त्यानंतर डॉक्टरांनी सर्वांत चांगले काय घडू शकेल, सर्वांत वाईट काय घडू शकेल आणि त्यांच्या मते काय घडण्याचा संभव अधिक, हे कागदावर रेघा ओढून दाखविले. तीन दिवसांची मुदत ठरली. मुदतीत सर्व उपचार पूर्ण जोमाने करावयाचे, आणि चौथ्या दिवशी पुन्हा बसावयाचे.

अशा बैठकींचा परिणाम मोजला गेला आहे. फ्रान्समधील २२ अतिदक्षता विभागांत झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू अटळ असलेल्या १२६ रुग्णांच्या कुटुंबांपैकी निम्म्यांशी नेहमीप्रमाणे बोलणे झाले, आणि निम्म्यांशी ठरविलेल्या पद्धतीने बैठक होऊन दुःखाविषयीची एक माहितीपुस्तिका दिली गेली. नेहमीच्या बोलण्यात नातेवाइकांच्या वाट्याला पाच मिनिटे येत, ती नव्या पद्धतीत चौदा झाली. तीन महिन्यांनंतर पाहिले तेव्हा त्या प्रसंगाने मनावर उमटलेल्या आघाताची लक्षणे पहिल्या गटात ६९ टक्के नातेवाइकांत होती, दुसऱ्यात ४५ टक्के. बैठक सरासरी दहा मिनिटांनी लांबली, इतकाच वाढीव खर्च. एवढ्या खर्चात इतका लाभ देणारी यंत्रसामग्री आमच्या खरेदी समितीपुढे अद्याप आलेली नाही.

चौथ्या दिवशी सुधारणा नव्हती. येथे कायद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण नातेवाईक आमच्याजवळ दबक्या आवाजात "इंजेक्शन देऊन सोडवा" असे म्हणतात, तर काही डॉक्टर यंत्र काढण्याच्या कल्पनेनेच बिचकतात. इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे हा आपल्या देशात गुन्हा आहे आणि उपशामक सेवेत त्याला स्थान नाही. परंतु जे उपचार निरर्थक ठरले आहेत ते न करणे किंवा थांबविणे निराळे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हा भेद मान्य केला. २०१८ साली 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि जानेवारी २०२३ मध्ये कार्यपद्धती सुलभ केली. आता उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर व आणखी दोन तज्ज्ञ यांचे दुय्यम मंडळ, प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत मत देतात. कुटुंबाची संमती घेऊन दंडाधिकाऱ्यांना कळविले जाते. आपण धडधाकट असतानाच इच्छापत्र करून ठेवावयाचे असल्यास दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. आमच्या कार्यालयात त्याविषयी माहिती मिळेल.

त्या शिक्षिकाबाईंच्या बाबतीत ही सर्व प्रक्रिया पार पडली. धाकटा मुलगा दरम्यान येऊन पोहोचला. श्वासयंत्र काढण्यापूर्वी धाप लागू नये म्हणून मॉर्फिन सुरू केले. थोरल्याने ओठांना पाणी लावले. धाकट्याच्या मनातील शंका अजून पूर्ण गेलेली नाही. अधूनमधून त्यांचा ईमेल येतो, त्यात रक्ततपासणीचा एखादा जुना आकडा असतो आणि त्याचा अर्थ विचारलेला असतो. आमचे अतिदक्षता तज्ज्ञ प्रत्येक पत्रास उत्तर देतात.

मॉर्फिनचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्या देशात अफूची परवानाधारक शेती होते आणि तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांना वर्षानुवर्षे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली. पण डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी हे औषध न हाताळताच तयार झाली आहे. व्यसन लागेल, श्वास थांबेल, ही भीती कायद्याहून चिवट निघाली. दोन कुलपांचे कपाट व नोंदवही आम्ही सांभाळू. मात्रा ठरविण्याचे प्रशिक्षण डॉक्टरांना व परिचारिकांना द्यावे लागेल.

आता पैसा. याविषयी आडपडदा ठेवणे आमच्या पदास शोभणार नाही. अतिदक्षता विभागातील खाटेचा प्रत्येक दिवस रुग्णालयाच्या उत्पन्नात भर घालतो. उपशामक सेवेमुळे काही रुग्णांचे काही दिवस कमी होतील. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा मुद्दा आम्हीच मांडला, कारण तो इतर कोणी आडून मांडावा यापेक्षा ते बरे. त्याच बैठकीत दुसरी बाजूही मांडली, ती कॅश काउंटरवर दिसते. अनामत संपते, दागिने गहाण पडतात, म्हैस विकली जाते, आणि एके दिवशी रुग्णाचा मुलगा येऊन सांगतो, "साहेब, घेऊन जातो." वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या छापील अर्जावर अंगठा किंवा सही होते. साऱ्या देशातील अतिदक्षता विभागांत हे घडते. रुग्णवाहिकेत नळी काढली जाते, किंवा हाताने फुगा दाबीत माणूस गावापर्यंत नेला जातो. सोबत वेदनाशामक नाही, धाप लागली तर काय करावे हे सांगणारे कोणी नाही. उपचार थांबविण्याचा निर्णय या कुटुंबांनीही घेतलेलाच असतो. फक्त तो डॉक्टरांसमवेत बसून नव्हे, तर बिलाच्या कागदाकडे पाहून घेतलेला असतो, आणि त्याची अपराधी भावना आयुष्यभर त्यांच्याकडेच राहते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या निधीतून उपचार होतात. पण घरी गेलेल्या रुग्णाकडे सिस्टर पाठविण्याचा खर्च, त्याच्या मॉर्फिनच्या गोळ्या, बायकोला पाठ पुसून देण्याचे शिक्षण, हे कोणत्या बिलात लिहावे? म्हणून स्वतंत्र निधी हवा आहे. ज्यांना घरी जावयाचे आहे त्यांनी त्या छापील अर्जावर सही करून नव्हे, तर औषधे, फोन क्रमांक आणि चार दिवसांत घरी येणाऱ्या सिस्टरचे नाव बरोबर घेऊन जावे, अशी आमची इच्छा आहे.

हे सारे मृत्यूभोवती फिरते आहे असे वाटू नये. आज या सभागृहात मधल्या रांगेत एक शेतकरी बंधू सपत्नीक बसले आहेत. त्यांच्या अनुमतीने सांगतो. आतडे फुटून पोटात पू झाला होता, पाच वेळा पोट उघडावे लागले. ते वाचतील असे शल्यचिकित्सकांना प्रथमपासून वाटत होते आणि ते खरे ठरले. पण रात्री त्यांना भिंतीवर माणसे चढताना दिसत, ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की ते थरथरत, आणि मलमार्गाच्या पिशवीची त्यांना इतकी लाज वाटे की बायकोला जवळ येऊ देत नसत. रात्री दिवे मंद करणे, चष्मा व घड्याळ जवळ ठेवणे, ड्रेसिंगपूर्वी औषध, आणि पिशवी लावून शेतीची कामे करणाऱ्या एका जुन्या रुग्णाची गाठ घालून देणे, हीदेखील उपशामक सेवाच होती. सोयाबीन कोण काढणार या चिंतेवर आमच्याकडे औषध नव्हते. ते शेजाऱ्यांनी काढले.

विश्वस्त मंडळाने तूर्त एक वर्षासाठी मान्यता दिली आहे. एक पूर्णवेळ परिचारिका प्रशिक्षणास जाईल, एक समुपदेशिका अर्धवेळ येतील, भूलतज्ज्ञांपैकी एक डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस फेरी घेतील. आयसीयूशेजारच्या, ऑक्सिजनची रिकामी नळकांडी ठेवण्याच्या खोलीचे बैठकीच्या खोलीत रूपांतर होत आहे. आजवर मोठ्यातल्या मोठ्या बातम्या नातेवाइकांना लिफ्टसमोर उभे राहून ऐकाव्या लागत. खोलीला खिडकी आहे, सहा खुर्च्या बसतात, आणि रंगकाम चालू आहे. देणगीदारांपैकी कोणी यंत्रावर नाव यावे म्हणून देणगी देऊ इच्छित असतील तर तेही स्वागतार्हच आहे. सोनोग्राफीचे यंत्र जुने झाले आहे. परंतु ज्यांना या कामासाठी द्यावयाचे आहे त्यांनी पावतीवर 'उपशामक सेवा निधी' असे स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे ती रक्कम दुसरीकडे वळविता येणार नाही, आमच्याकडूनसुद्धा. पावत्यांचे टेबल सभागृहाच्या डाव्या दाराशी आहे. चहा तेथेच आहे.